आधी निदान विका, मग पार्ट



या आठवड्याच्या व्हिडिओत पिकअपच्या रेल प्रेशर सेन्सरवर मल्टिमीटर कसा लावायचा ते दाखवलं. बारा मिनिटांत वायरी दाखवून झाल्या, व्होल्टेज दाखवून झालं, पण मला जे खरं बोलायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून ते इथे लिहितो. ज्यांना गॅरेज टाकायचंय त्यांनी तर वाचाच. ज्यांना पंप रिपेअरिंग, फ्रिज-वॉशिंग मशीन किंवा मोबाइलचं दुकान काढायचंय त्यांनीही गाडीच्या जागी आपापलं मशीन धरून वाचा.

माझं म्हणणं सरळ आहे. दुरुस्तीच्या धंद्यात आपण पार्ट विकून कमवायला लागलो की निदान करायचा कंटाळा येतो. आणि निदान न करता विकलेला पार्ट म्हणजे दुसऱ्याच्या पैशावर लावलेला आकडा. लागला तर आपण हुशार, नाही लागला तर गाडीच खराब!

हे मी कोणाकडे बोट दाखवून बोलत नाहीये. माझं जव्हारला स्पेअर पार्टचं दुकान आहे, मागे दोन गाड्यांची जागा असलेलं गॅरेज आहे. पार्ट विकणं हीच माझी रोजीरोटी. तरी सांगतोय.

दोन पार्ट काउंटरवर

तीन-चार वर्षांपूर्वीची मे महिन्यातली गोष्ट. आपल्याकडे जव्हार, विक्रमगड, मोखाडा या पट्ट्यात मोगऱ्याची शेती वाढली आहे ते तुम्हाला माहीतच आहे. कळी पहाटे तोडायची आणि उमलायच्या आत दादरच्या फूलबाजारात पोचवायची. उशीर झाला की भाव पडतो, जास्त उशीर झाला की माल फेकायचा. अशी पाच-सहा घरांची फुलं नेणारे एक काका त्यांची पिकअप घेऊन आले. चेक लाइट लागलेला. सपाटीला गाडी बरी, चढाला लागली किंवा ओव्हरटेक करायला पाय दाबला की एकदम मरगळायची. बंद करून चालू केली की पुन्हा थोडा वेळ ठीक.

स्कॅनर लावला. कोड आला पी-००८७. स्क्रीनवर लिहिलेलं होतं, फ्युएल रेल प्रेशर टू लो. माझ्या मेकॅनिकने आणि मी, दोघांनीही ‘प्रेशर’ एवढाच शब्द वाचला. कपाटात प्रेशर सेन्सर होता. साडेचार हजाराचा. लावला, कोड पुसला, काका गेले.

दुसऱ्या दिवशी मनोरच्या अलीकडे गाडी लिंप मोडमध्ये गेली. लिंप मोड म्हणजे ईसीयूने इंजिनाला लगाम घालणं; गाडी चालते, पण रांगत. फुलं दादरला पोचली तेव्हा बाजार उठत आलेला. काका परत आले. मी म्हटलं, मग रेग्युलेटर असणार. पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह नाशिकहून मागवला, सात हजार. लावला. तीन दिवस गाडी पळाली. (हे तीन दिवस मला अजून छळतात. मी शेजारच्या दुकानदाराला ऐटीत सांगितलंही होतं की कसा फॉल्ट पकडला.) चौथ्या दिवशी पुन्हा तेच.

मग काका माझ्याकडे आले नाहीत. नाशिकला भाडं घेऊन गेले होते तिथे एका साध्या गॅरेजवाल्याने फिल्टर उघडला. आत पाणी आणि गाळ. टाकीपासून फिल्टरकडे येणाऱ्या रबरी पाइपला क्लिपखाली केसाएवढी चीर. पाइप, क्लिप, फिल्टर, सगळं मिळून हजाराच्या आसपास. गाडी बरी झाली ती झालीच.

आठवड्याने काका दुकानात आले. माझे दोन्ही काढलेले जुने पार्ट, म्हणजे त्यांचा मूळ सेन्सर आणि मूळ व्हॉल्व्ह, पिशवीतून काढून काउंटरवर ठेवले. आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, “शेठ, हे चांगलेच होते ना?”

मी बीबीए केलंय. कस्टमर सॅटिस्फॅक्शनवर मी पंधरा मार्कांचं उत्तर लिहून आलोय. त्या दिवशी तोंडातून शब्द फुटला नाही. साडेअकरा हजार परत दिले. वाया गेलेली फुलं कशी परत देणार? आणि ती फुलं एकट्या काकांची नव्हती.

सेन्सर सांगतो, रेग्युलेटर करतो

आता चूक नेमकी कुठे झाली ते बघू, कारण ती चूक आजही रोज होते.

कॉमन रेल डिझेल गाडीत पंप डिझेलला प्रचंड दाबाने एका जाड नळीत भरतो. ती नळी म्हणजे रेल. तिथून इंजेक्टरना डिझेल जातं. गाडी उभी राहून नुसती चालू असेल तेव्हा रेलमध्ये साधारण २५० ते ३५० बार दाब असतो, पूर्ण जोर लावला की हजार-दीड हजारच्या वर, काही गाड्यांत आणखी पुढे. अंदाज यावा म्हणून सांगतो, तुमच्या पिकअपच्या टायरमधली हवा चार-पाच बारच्या आसपास असते.

या रेलवर सेन्सर बसलेला असतो. त्याचं काम एकच, दाब किती आहे ते ईसीयूला कळवायचं. तो दाब वाढवतही नाही, कमीही करत नाही. रेग्युलेटर किंवा व्हॉल्व्ह पंपावर असतो, काही गाड्यांत रेलच्या टोकाला, काहींत दोन्हीकडे. त्याचं काम ईसीयू सांगेल तेवढं डिझेल आत घेणं किंवा जास्तीचं परत सोडणं. म्हणजे एक सांगणारा आणि एक करणारा.

पी-००८७ म्हणतो दाब कमी आहे. ही तक्रार बहुतेक वेळा सेन्सरने खरी दिलेली असते! मी काय केलं, तर खरी बातमी आणणाऱ्यालाच कामावरून काढलं. ताप आला म्हणून थर्मामीटर बदलावा तसं. सेन्सरच्या सर्किटविषयी तक्रार असेल तर कोड वेगळे येतात, पी-०१९० ते पी-०१९३ या घरातले. आणि तेव्हासुद्धा सेन्सर खराब आहे असं सिद्ध होत नाही. वायर तुटलेली असू शकते, कनेक्टरमध्ये पाणी गेलेलं असू शकतं, उंदराने कुरतडलेलं असू शकतं. आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला सांगायला नको. पावसाळ्यात माझ्याकडे आलेल्या ‘सेन्सर गेलाय’ म्हणणाऱ्या गाड्यांपैकी कितीतरी गाड्या कनेक्टर उघडून, सुकवून, पिना साफ करून परत गेल्या आहेत.

काकांच्या गाडीत काय झालं होतं? टाकीत वेगळा पंप नसलेल्या गाडीत पुढचा पंप डिझेल ओढून घेतो. ओढणाऱ्या पाइपला चीर पडली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून खाली थेंब दिसत नाही आणि आपण पाइपकडे बघतच नाही. सपाटीला डिझेल कमी लागतं, भागून जातं. चढाला जास्त लागतं, तेव्हा हवा आणि चोंदलेला फिल्टर दोघे मिळून गळा धरतात. रेलमधला दाब पडतो, सेन्सर तसं कळवतो, ईसीयू लगाम घालतो. सगळे आपापलं काम चोख करत होते. मी सोडून.

आता मी काय करतो

पहिली दहा मिनिटं गाडीला हात लावत नाही, माणसाशी बोलतो. कधीपासून? चढाला की सपाटीला? सकाळी पहिल्या स्टार्टला की गरम झाल्यावर? टाकी अर्ध्याखाली गेली की होतं का? शेवटचं काम काय झालं, फिल्टर कधी बदलला? डिझेल कुठून भरलं? हा शेवटचा प्रश्न आपल्या भागात फार महत्त्वाचा. मोखाड्याच्या आतल्या पाड्यांवर, खोडाळ्याच्या पलीकडे, लोक कॅनमध्ये डिझेल आणून ठेवतात. कॅन अंगणात, झाकण सैल, वरून पाऊस. ते पाणी शेवटी फिल्टरमध्ये येतं. ही गोष्ट कोणताही स्कॅनर सांगत नाही, ड्रायव्हर सांगतो, तोसुद्धा तुम्ही नीट विचारलं तर.

मग फिल्टरखालचा स्क्रू सोडून पाणी निघतं का बघायचं. हाताचा प्रायमर असेल तर दाबून बघायचा, तो घट्ट व्हायला हवा; दाबतच राहावं लागत असेल तर हवा येते आहे. फिल्टरच्या आधी तात्पुरता पारदर्शक पाइप जोडला की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. याला खर्च शंभर रुपये. कनेक्टर, वायर, अर्थिंग बघून घ्यायचं.

त्यानंतर स्कॅनर, आणि स्कॅनरमध्येही कोड नाही, लाइव्ह डेटा. दोन आकडे शेजारी शेजारी लावायचे, ईसीयूला हवा असलेला रेल प्रेशर आणि प्रत्यक्षातला रेल प्रेशर. रात्रभर उभी असलेली गाडी, फक्त चावी ऑन, इंजिन बंद, अशा वेळी प्रत्यक्ष दाब शून्याच्या जवळ दिसायला हवा. तिथे ऐंशी-शंभर बार दिसत असेल तर आता सेन्सरवर किंवा त्याच्या वायरिंगवर संशय घ्या. स्टार्टर मारताना बहुतेक गाड्यांना दीडशे-दोनशे बार तरी मिळायला लागतो, नाहीतर ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही. गाडी नुसती फिरते, उठत नाही. चालू झाल्यावर दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ राहायला हवेत.

खरी परीक्षा रस्त्यावर. शहरातल्या गॅरेजवाल्यांना यासाठी चढ शोधायला लागतो, आपल्याकडे तो फुकट आहे. विक्रमगडकडून जव्हारला वर येताना किंवा तोरंगण घाटात, गाडीत थोडं वजन टाकून, तिसऱ्या गिअरला पाय दाबायचा आणि सोबतच्याने स्क्रीन बघायची. हवा असलेला दाब वर जातोय आणि प्रत्यक्षातला मागे मागे पडतोय, अंतर हळूहळू वाढतंय, तर डिझेल पुरत नाहीये किंवा कुठेतरी परत गळतंय. प्रत्यक्ष आकडा क्षणात तीनशेवरून शून्य, शून्यावरून अठराशे अशा उड्या मारतोय आणि गाडीच्या चालीत तेवढा फरक जाणवत नाही, तर ती उडी दाबाची नाही, सिग्नलची आहे. इतका दाब इतक्या लवकर खाली-वर होऊच शकत नाही. आणि आकडा हव्या असलेल्या दाबाच्या भोवती सतत झोके घेतोय, रेस एकसारखी राहत नाही, पाय सोडल्यावर दाब उतरायला वेळ लागतो, असं असेल तर रेग्युलेटर अडकतोय का ते बघायचं.

सेन्सर तपासायला मल्टिमीटर पुरतो. बहुतेक सेन्सरना तीन वायरी असतात. एकीवर पाच व्होल्ट यायला हवेत, एक अर्थ, तिसरी सिग्नल. चावी ऑन, इंजिन बंद असताना सिग्नल साधारण अर्धा व्होल्ट, इंजिन चालू झालं की एक-दीडच्या आसपास, आणि दाब वाढेल तसा चढत जातो. पाच व्होल्टच येत नसतील तर नवा सेन्सर लावून काय उपयोग? कनेक्टर काढून गाडी चालवून बघायची सवय मात्र सोडा. काही गाड्या ठरावीक दाब गृहीत धरून चालतात, काही जागेवर बंद पडतात, त्यावरून निष्कर्ष काढला की हमखास फसाल. त्या मॉडेलचं मॅन्युअल बघा. वर दिलेले आकडेसुद्धा अंदाजासाठी आहेत, प्रत्येक गाडीचा खरा आकडा मॅन्युअलमध्येच मिळतो.

रेग्युलेटरकडे सगळ्यात शेवटी जायचं. कारण दाब कमी असण्याची आणखी एक मोठी वाट असते, इंजेक्टरची परतीची लाइन. चार इंजेक्टर, चार सारख्या बाटल्या, गाडी ठरावीक वेळ चालू ठेवायची. एका बाटलीत बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त डिझेल जमलं की चोर सापडला. चारही सारखे आणि मापात, फिल्टर स्वच्छ, हवा नाही, सेन्सर खरं बोलतोय, आणि ईसीयू जास्त डिझेल मागतोय तरी दाब चढत नाही, तेव्हा कुठे व्हॉल्व्ह आणि पंप यांचा नंबर येतो. मी मात्र दुसऱ्याच दिवशी तिथे पोचलो होतो.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. इंजिन चालू असताना रेलची किंवा इंजेक्टरची जाड नळी कधीही सैल करायची नाही. जुन्या डिझेल गाड्यांत हवा काढायला आपण नट ढिला करायचो, ते इथे चालत नाही. इतक्या दाबाची डिझेलची धार कातडी भेदून आत जाते. बाहेरून टाचणीएवढी जखम दिसते, आतून हात सडू शकतो. तसं काही झालं तर हळद लावून बसायचं नाही, ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलात जायचं आणि डॉक्टरांना दाबाने डिझेल आत गेलंय हे स्पष्ट सांगायचं. गळती शोधायला बोट फिरवायचं नाही. इंजिन बंद करून दाब उतरू द्या, मग पाना लावा.

पेट्रोल गाड्यांचं थोडक्यात. तिथे दाब अगदीच कमी, साधारण तीन-चार बार, आणि तो साध्या गेजने मोजता येतो. जुन्या गाड्यांत रेलवर रेग्युलेटर असतो, त्याला एक बारीक व्हॅक्यूम पाइप येतो. तो पाइप काढून वास घ्या. आत पेट्रोल असेल तर पडदा फाटलाय. पाइप काढल्यावर गेजचा काटा थोडा वर चढायला हवा. नव्या गाड्यांत रेग्युलेटर टाकीत पंपासोबतच असतो. आणि गंमत म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच साध्या पेट्रोल गाड्यांत रेल प्रेशर सेन्सर नसतोच! मागे एक मुलगा इकोचा फ्युएल प्रेशर सेन्सर मागायला आला. कोणी सांगितला विचारलं तर म्हणाला, मिस्त्रीने. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचा रेग्युलेटर तर वेगळाच प्रकार, त्याची सरमिसळ करू नका.

पैशाचा हिशेब

आता तुम्ही म्हणाल, एवढा वेळ कोण देतो आणि त्याचे पैसे कोण देतं? “आमच्याकडे लोक नुसतं तपासायचे पैसे देत नाहीत हो.” हे वाक्य मी प्रत्येक ट्रेनिंगला ऐकतो. देतात. बाजारात बैल घ्यायला जाताना दात बघणारा जाणता माणूस सोबत नेतात, त्याचं भाडं, त्याचा चहा-नाश्ता आपणच करतो ना? तो काही बैल विकत नाही. तो फक्त सांगतो, हा घे, हा नको. त्याच्या सांगण्याला किंमत आहे हे आपल्या माणसाला चांगलं कळतं. फक्त आपण गॅरेजवाल्यांनी तपासणी फुकट आणि नफा पार्टमध्ये लपवून ठेवल्यामुळे त्यांना वेगळी सवय लागली.

माझ्याकडचा हिशेब उघडून दाखवतो. साडेचार हजाराच्या सेन्सरवर मला सुटतात नऊशे, बसवायचे दोनशे, म्हणजे अकराशे. तेच काम नीट केलं असतं तर? निदानाचे पाचशे, फिल्टर आठशे, पाइप आणि क्लिप दीडशे, मजुरी तीनशे. काकांचं बिल साडेसतराशे. त्यात मला पाचशे अधिक तीनशे, फिल्टरवर एकशे साठ, पाइपवर पन्नास, म्हणजे एक हजार दहा. नव्वद रुपयांचा फरक! या नव्वद रुपयांसाठी मी गिऱ्हाइकाकडून साडेचार हजार घेत होतो आणि त्याची गाडी तशीच परत पाठवत होतो. शिवाय तो सेन्सर कपाटात ठेवायला माझे छत्तीसशे रुपये महिनोन् महिने अडकलेले असायचे, ते वेगळंच.

म्हणून आता मी महागडे सेन्सर, व्हॉल्व्ह ठेवतच नाही. फिल्टर, पाइप, क्लिपा, कनेक्टर, वायर भरपूर ठेवतो. निदानात सेन्सरच निघाला तर नाशिकहून दुसऱ्या दिवशी येतो. थांबायला लागतं हे खरं. पण गिऱ्हाईक एक दिवस थांबायला तयार होतं, तीन वेळा परत यायला तयार होत नाही.

या सगळ्यात ज्याच्यामुळे माझ्यावर सहव्यवसायिक नाराज आहेत तो मुद्दा आता मांडतो. प्रत्येक पार्टच्या दुकानात एक पाटी असते, “इलेक्ट्रिकल पार्ट परत घेतला जाणार नाही.” माझ्याकडेही होती. दुकानदार म्हणून तिचं कारण मला पटतं, मला वरून डीलर परत घेत नाही. पण त्या पाटीचा खरा अर्थ काय होतो बघा. अंदाज मेकॅनिकचा, नफा दुकानदाराचा आणि नुकसान गाडीवाल्याचं. ज्याने अंदाज केला त्याच्या खिशाला झळ बसत नाही तोवर तो अंदाजच करत राहणार. म्हणून मी पाटी बदलली. माझ्या गॅरेजच्या निदानावरून लावलेल्या पार्टने फॉल्ट गेला नाही, तर पार्टचे पैसे परत, निदानाचेही परत. पहिल्या वर्षी तीन पार्ट माझ्या अंगावर पडले. दुखलं. पण त्यानंतर माझा मेकॅनिक बाटल्या लावल्याशिवाय व्हॉल्व्हचं नाव काढत नाही. काउंटरवर फक्त पार्ट विकत घेऊन जाणाऱ्याला मात्र ही सवलत नाही. तिथे मी एकच करतो, “तपासलं कसं?” एवढं विचारतो. काही जण चिडून समोरच्या दुकानात जातात. जाऊ देत.

विरोधातलं म्हणणंही ऐकून घ्यायला हवं. एक जुने मिस्त्रीकाका मला म्हणाले, “घाटात बंद पडलेल्या गाडीत पेशंट असला तर तू बाटल्या लावत बसणार का?” बरोबर आहे. तिथे चांगला असल्याची खात्री असलेला पार्ट लावून बघणं हीच शहाणपणाची गोष्ट. पण तो पार्ट तपासणीसाठी लावलाय, विकलेला नाही, आणि फरक पडला नाही तर काढून घेणार आहे, हे तिथल्या तिथे तोंडाने सांगा. त्यांच्या म्हणण्यातला दुसरा भाग मला पटत नाही. ते म्हणतात, पंचवीस वर्षांत कान तयार झालाय, आवाजावरून कळतं. जुन्या इंजिनात कळायचं, मान्य. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ आलं. या गाड्यांत दाब कमी-जास्त झाला तर आवाजाच्या आधी ईसीयूला कळतं. कान हवाच, पण सोबत आकडे हवेत.

सुरुवात करणाऱ्याने किती पैसे घालावेत? पहिल्याच दिवशी लाखाचा स्कॅनर कर्ज काढून घेऊ नका. हजाराच्या आसपासचा बरा मल्टिमीटर, दोन-तीन हजारांचा पेट्रोल गेज, बाटल्या आणि पारदर्शक पाइपचा घरगुती संच, आणि ज्या गाड्या तुमच्या रस्त्यावर जास्त फिरतात त्यांचा लाइव्ह डेटा नीट दाखवणारा मधल्या किमतीचा स्कॅनर. घ्यायच्या आधी विकणाऱ्याला सांगा, माझ्या पिकअपला लावून हवा असलेला आणि प्रत्यक्ष रेल प्रेशर दोन्ही दाखव, मग पैसे देतो. ब्लूटूथच्या स्वस्त डोंगलवर कोड दिसतात, पण बऱ्याच डिझेल गाड्यांत हवे ते आकडे दिसत नाहीत. मोठी उभारणी करायची असेल तर पीएमईजीपीमध्ये सेवा उद्योगासाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, ग्रामीण भागात अनुसूचित जमातीच्या अर्जदाराला ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचे फक्त ५ टक्के घालायचे असतात. जव्हार-मोखाड्यातल्या कितीतरी मुलांना हे लागू होतं. पण अनुदान मिळतंय म्हणून मशिनं भरू नका. आयटीआयमधून मोटर मेकॅनिकची दोन वर्षं करून आलेली मुलं माझ्याकडे येतात, त्यांना पाना धरता येतो, इंजिन खोलता येतं. आकडे वाचून ‘हे का?’ असं विचारायची सवय मात्र मशीन घेऊन येत नाही.

काकांचं शेवटी काय झालं ते बरेच जण विचारतील. वर्षभर आले नाहीत. मग एकदा ब्रेक शूजसाठी आले, आता नेहमी येतात. गेल्या सीझनला पुन्हा चेक लाइट लागला तेव्हा बॉनेट उघडायच्या आधी स्वतःच म्हणाले, “आधी पाणी काढून बघ.” पाणी नव्हतं. या वेळी खरंच सेन्सरच्या कनेक्टरची एक पिन सैल झाली होती. पाचशे निदानाचे, दीडशे पिनेचे. त्यांनी सहाशे दिले आणि पन्नास कापले, म्हणाले, फुलांचे. मी काही बोललो नाही.

त्यांचे ते दोन जुने पार्ट अजून माझ्या काउंटरखाली आहेत. नवा मुलगा कामाला ठेवायचा असला की सेन्सर त्याच्यासमोर ठेवतो, शेजारी मल्टिमीटर आणि पाच व्होल्टचा सप्लाय, आणि विचारतो, हा खराब आहे का? बहुतेक जण सेन्सर हातात फिरवून, कनेक्टर पुसून म्हणतात, “हो शेठ, गेलाय, नवा लावू.” आतापर्यंत दोघांनीच मल्टिमीटर उचलला. ते दोघेही आज माझ्याकडे आहेत.